नियमाने घडवलेली गाडी : लान्चा स्ट्रॅटोस

दुर्मीळ गाड्यांच्या बाजारात दुर्मीळपणाचे कारण सहसा कोणी विचारत नाही. लिलावाच्या यादीत गाडीच्या नावाखाली एकूण किती गाड्या बनल्या तो आकडा छापलेला असतो. आकडा जितका लहान तितकी किंमत मोठी, एवढा हिशोब गिऱ्हाइकाला पुरतो. पण गाड्या कमी बनण्याची कारणे एकसारखी नसतात. कोणी मुद्दाम मोजक्या बनवतो, कोणाचा कारखाना मध्येच बुडतो, कोणाच्या गाडीला गिऱ्हाईकच मिळत नाही. इटलीतल्या लान्चा कंपनीच्या स्ट्रॅटोस एचएफ या गाडीची संख्या बहुतेक अभ्यासक ४९२ धरतात. हा आकडा कारखान्याच्या मालकाने ठरवला नव्हता, विक्री विभागानेही नव्हता. रॅलीच्या नियमपुस्तकाने पाचशे गाड्या मागितल्या होत्या आणि लान्चाने जवळपास तेवढ्या बनवल्या. या गाडीवर आजवर जे लिहिले गेले त्यात तिच्या पाचरीसारख्या आकाराचे, फेरारीच्या इंजिनाचे आणि इटालियन प्रतिभेचे कौतुक भरपूर आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. स्ट्रॅटोसचा खरा आराखडा त्या नियमाने आखला. तिचे सगळे गुण, आणि बाजारात तिची झालेली फजितीही, त्या एका आकड्यातून समजते, असे माझे म्हणणे आहे.

आधी नियम पाहू. रॅली म्हणजे बंदिस्त धावपट्टीवरची शर्यत नव्हे. एरवी लोक वापरतात तेच डोंगरातले रस्ते काही वेळ बंद करून गाड्या एकेक करून सोडायच्या आणि प्रत्येकीला लागलेला वेळ मोजायचा. बर्फ, चिखल, खडी, रात्र, धुके, जे वाटेत येईल ते पार करायचे. चालकाशेजारी बसलेला सहकारी वहीतून पुढचे वळण वाचून दाखवतो. दुकानात मिळणारी गाडी खरोखर किती दमाची आहे हे लोकांना दिसावे, ही या खेळामागची मूळ कल्पना होती. त्यामुळे खास शर्यतीसाठी एकच गाडी बनवून आणण्याला आडकाठी हवी होती. आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाच्या वर्गवारीत 'ग्रुप ४' या गटासाठी त्या काळी अट होती ती अशी : एकाच नमुन्याच्या किमान पाचशे गाड्या बारा महिन्यांत बनवून दाखवा, तरच शर्यतीची मान्यता मिळेल. या मान्यतेला होमोलोगेशन म्हणतात. पाचशे गाड्या बनवायच्या तर त्या विकाव्याही लागतील, आणि विकायच्या तर त्या सामान्य माणसाला चालवता येतील अशाच असतील, असा नियम करणाऱ्यांचा तर्क होता. साठच्या दशकात तो बरोबर ठरला. मिनी कूपर, साब ९६, फोर्ड एस्कॉर्ट या रॅली गाजवणाऱ्या गाड्या मुळात दुकानातल्याच होत्या. त्या घ्यायच्या आणि त्यांना शर्यतीसाठी तयार करायचे, अशीच रीत होती.

लान्चाची त्या वेळची गाडी फुल्व्हिया हीसुद्धा याच रीतीतली. पुढच्या चाकांवर चालणारी, चिंचोळ्या चार सिलिंडरच्या इंजिनाची, देखणी आणि टिकाऊ. कंपनीच्या शर्यत विभागाचा प्रमुख चेझारे फियोरियो याने तिच्यावर बरेच यश मिळवले. १९७२ मध्ये सांद्रो मुनारी आणि मारिओ मान्नुच्ची या जोडीने फुल्व्हियातून माँटे कार्लो रॅली जिंकली. पण ती गाडी आता थकत आली आहे हे फियोरियोला त्याच्या आधीच दिसत होते. फ्रान्सची अल्पीन ए११० ही हलकी, मागे इंजिन असलेली गाडी वेगाने पुढे येत होती आणि १९७३ चे पहिलेच जागतिक रॅली विजेतेपद तिने घेतले. इकडे लान्चाची स्वतःची अवस्था नाजूक होती. कर्जात बुडालेली ही कंपनी १९६९ मध्ये फियाटने नाममात्र किमतीला घेतली होती. शर्यतींचा खर्च कंपनीला किती महाग पडू शकतो, याचाही लान्चाला जुना अनुभव होता. १९५५ मध्ये पैसा संपल्यामुळे तिला आपल्या ग्राँप्री गाड्या फेरारीच्या स्वाधीन कराव्या लागल्या होत्या. अशा वेळी दुकानातली आणखी एखादी गाडी शर्यतीसाठी तयार करण्यापेक्षा फियोरियोने प्रश्नच उलटा मांडला. रॅली जिंकायला नेमकी कशी गाडी लागते ते आधी ठरवू, मग नियमाला हव्यात म्हणून तशा पाचशे बनवू. नियम जिथे गाडीची शेवटची परीक्षा घेत असे, तिथून आता तिची सुरुवात होणार होती. हा उलटा क्रम स्ट्रॅटोसच्या आधी रॅलीत कोणी इतक्या उघडपणे अमलात आणला नव्हता.

यावर पहिला आक्षेप चटकन समोर येतो. स्ट्रॅटोसचा जन्म तर तुरिनच्या मोटर प्रदर्शनात झाला. १९७० मध्ये बेर्तोने या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने 'स्ट्रॅटोस झिरो' नावाची गाडी तिथे मांडली. मार्चेल्लो गांदिनी याने रेखाटलेली ही गाडी जेमतेम ८४ सेंटिमीटर उंच होती. दरवाजे नव्हतेच, पुढची काच वर उचलून आत शिरावे लागे. नुच्चियो बेर्तोने स्वतः ती चालवत लान्चाच्या कारखान्यात गेले आणि फाटकावरचा आडवा दांडा न उचलता त्याच्या खालून आत शिरले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मग नियमाचे श्रेय कुठे राहिले? पण त्या भेटीतून काय निघाले ते बारकाईने पाहिले तर उत्तर मिळते. लान्चाचे मुख्य अधिकारी पिएरूगो गोब्बातो आणि फियोरियो यांनी बेर्तोनेला झिरो बनवायला सांगितले नाही. सांगितले ते रॅलीची गाडी बनवायला. एका वर्षाने, १९७१ च्या तुरिन प्रदर्शनात जी स्ट्रॅटोस एचएफ आली तिच्यात झिरोचे नाव होते, गांदिनीचा हात होता, इंजिन मध्यभागी ठेवण्याची कल्पना होती. बाकी जवळजवळ काही नव्हते. झिरोत फुल्व्हियाचे छोटे इंजिन होते, ते गेले. काचेतून आत शिरणे गेले, दोन धडधाकट दरवाजे आले. उंची वाढून १११ सेंटिमीटर झाली, कारण आतल्या माणसांना हेल्मेट घालून बसायचे होते. प्रदर्शनातली गाडी पाहणाऱ्याला चकित करण्यासाठी होती. दुसरी गाडी घड्याळासाठी होती. एकाच हाताने वर्षभराच्या अंतराने दोन इतक्या भिन्न गाड्या काढल्या, तर फरक हातात नव्हता, मागणीत होता.

गाडीचा एकेक अवयव पाहिला की ही मागणी किती कडक होती ते कळते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर २.१८ मीटर ठेवले. आपल्याकडची प्रीमियर पद्मिनी आठवा. चार-पाच माणसांच्या त्या साध्या गाडीचे हेच अंतर २.३४ मीटर होते. म्हणजे फेरारीचे सहा सिलिंडरचे इंजिन पोटात घेतलेली ही गाडी दोन आसांमध्ये पद्मिनीपेक्षा सोळा सेंटिमीटर आखूड होती, आणि रुंदीला मात्र तिच्याहून बरीच जास्त, पावणेदोन मीटर. इतकी आखूड आणि रुंद गाडी सरळ महामार्गावर अस्वस्थ असते, सतत सांभाळावी लागते. पण डोंगरातल्या घाटवळणावर ती जागच्या जागी फिरल्यासारखी वळते. इंजिन आडवे आणि चालकाच्या पाठीशी, मागच्या आसाच्या पुढे बसवले. गाडीतली सर्वांत जड वस्तू मध्याजवळ आली की टोकांना वजन उरत नाही. मग गाडी वळायला लवकर तयार होते आणि वळण संपताच तितक्याच लवकर सरळ होते. शिवाय मागच्या चाकांवर भार राहिल्याने खडीवर आणि बर्फावर ती जमीन पकडून ठेवतात. रॅलीत हजारो वळणे असतात, आणि प्रत्येक वळणावरचा तो क्षणार्धाचा फायदा बेरीज होत जातो. आखूडपणामुळे सरळ रस्त्यावर येणारी बेचैनी ही या फायद्याची किंमत होती, आणि घाटात जिंकण्यासाठी ती मोजायला लान्चा तयार होती.

बाकीचेही असेच. बसण्याची जागा म्हणजे पोलादी पिंजरा. पुढची आणि मागची बॉडी फायबरग्लासची, अख्खीच्या अख्खी उचलता येणारी. रॅलीत दोन टप्प्यांच्या मध्ये दुरुस्तीला मोजकी मिनिटे मिळतात. मागचे झाकण वर केले की इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळे मेकॅनिकच्या हाताशी येत असे. पुढची काच नळकांड्याच्या कापासारखी एकाच दिशेने वळवलेली होती, म्हणजे तिच्यातून दिसणारा रस्ता वेडावाकडा होत नसे. दरवाज्यांच्या आत एवढे खोल कप्पे होते की त्यात हेल्मेट मावत. दरवाजाची काच वरखाली करायला फिरवायचा दांडा नव्हता. एक गोळा ढिला करून ती कप्प्यात सरकवायची. सामानाला मागे नावापुरती जागा. रस्त्यावर वापरायच्या गाडीचे वजनही एक टनाच्या आतच होते. या सगळ्यात ग्राहकाची सोय कुठे आली असे विचारले तर ती कुठेच नाही. हेल्मेटच्या कप्प्याचा भाजी आणायला जाणाऱ्याला काय उपयोग? पण नियमाची भाषा अशी होती की शर्यतीच्या गाडीच्या मूळ रचनेत जे हवे ते पाचशेच्या पाचशे गाड्यांत हवे. म्हणून तो कप्पा पाचशे माणसांना विकायचा होता.

इंजिनाची गोष्ट याहून बोलकी आहे. स्ट्रॅटोसचा आत्मा फेरारीचा, असे म्हटले जाते आणि त्यातून श्रेय फेरारीच्या गावाकडे, मारानेल्लोकडे, वळवले जाते. फेरारीने इंजिन बनवले हे खरेच. डिनो नावाचे हे सहा सिलिंडरचे, ६५ अंशांच्या कोनातले व्ही इंजिन मुळात पन्नासच्या दशकातले. त्याची पहिली आखणी वित्तोरिओ यानो यांच्या देखरेखीखाली झाली, आणि तेच यानो आधी लान्चात शर्यतीच्या गाड्या बनवत होते. १९५५ च्या हस्तांतरानंतर ते फेरारीकडे गेले. रस्त्यावरच्या गाडीत व्ही-सिक्स इंजिन पहिल्यांदा मोठ्या संख्येने विकणारी कंपनीही लान्चाच, १९५० च्या ऑरेलियामध्ये. पण माझ्या मुद्द्यासाठी याहून महत्त्वाची घटना नंतरची आहे. १९६७ पासून फॉर्म्युला टू शर्यतींसाठी अट आली की इंजिनाचा ब्लॉक वर्षाला किमान पाचशे बनणाऱ्या गाडीतला हवा. फेरारीची पाचशे गाड्या बनवायची ऐपत नव्हती. म्हणून १९६५ मध्ये एन्झो फेरारी यांनी फियाटशी करार केला. फियाटने हे इंजिन घालून फियाट डिनो ही गाडी काढली. इंजिनिअर ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी ते मोठ्या प्रमाणावर बनवता येईल असे केले. १९६९ मध्ये त्याचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि क्षमता २४१८ सीसी झाली. त्याच रूपात ते फेरारीच्या डिनो २४६ मध्ये गेले आणि पुढे स्ट्रॅटोसमध्ये आले, १९० अश्वशक्तीचे. म्हणजे स्ट्रॅटोसचे इंजिनसुद्धा दुसऱ्या एका शर्यतीच्या दुसऱ्या एका 'पाचशे'चे अपत्य होते. तो नियम नसता तर हे इंजिन एवढ्या संख्येने उपलब्धच नसते, आणि फियोरियोला कदाचित लान्चाच्याच चार सिलिंडरच्या इंजिनावर भागवावे लागले असते. तो पर्याय विचारात होताच. गाडीचा सांगाडा एका नियमाचा, हृदय दुसऱ्या नियमाचे. आकडा मात्र तोच.

नियमाने गाडी मागितली तरी ती लगेच मिळाली नाही. १९७२ च्या कोर्सिका रॅलीत स्ट्रॅटोस पहिल्यांदा प्रायोगिक गाडी म्हणून उतरली आणि शर्यत पुरी करू शकली नाही. मागच्या सस्पेन्शनचे दुखणे होते आणि पुढे ते बदलावे लागले. इंजिनिअर जानपाओलो दाल्लारा यांचा सल्ला आणि फेरारीत काम केलेला इंग्रज इंजिनिअर व चालक माइक पार्क्स याच्या चाचण्या यांतून गाडी वळणावर आली. १९७३ मध्ये स्पेनमध्ये पहिला विजय मिळाला, त्याच वर्षी सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओत मुनारी आणि त्याचा जोडीदार चालक आंद्र्युए दुसरे आले. पण मान्यतेसाठी पाचशे गाड्या हव्या होत्या, त्यासाठी इंजिने हवी होती, आणि फेरारी ती द्यायला उत्सुक नव्हती. आपल्या डिनोच्या शेजारी तेच इंजिन असलेली दुसरी गाडी उभी राहणे तिला रुचणार नव्हते. १९७४ मध्ये डिनो २४६ बंद होण्याच्या सुमारास हा तिढा सुटला. दरम्यान ऑक्टोबर १९७३ चे तेलसंकट आले. २ डिसेंबर १९७३ पासून इटलीत रविवारी खासगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी झाली आणि १९७४ ची माँटे कार्लो रॅली झालीच नाही. पेट्रोल पिणारी, दोन माणसांची, सामान न मावणारी गाडी शेकड्यांनी बनवायला याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. बाजाराचे ऐकले असते तर काम तिथेच थांबायला हवे होते. ते थांबले नाही, कारण गाडी बाजारासाठी नव्हतीच. १ ऑक्टोबर १९७४ ला ग्रुप ४ ची मान्यता मिळाली आणि काही दिवसांतच मुनारीने सानरेमो रॅली जिंकली.

इथे दुसरा आक्षेप. मागितल्या पाचशे, बनल्या ४९२ च्या आसपास. म्हणजे नियम पाळला कुठे? हा आक्षेप रास्त आहे. त्या काळात गाड्यांची मोजणी ढिली असे, सुटे भाग आणि अर्धवट गाड्या हिशोबात धरल्या जात, आणि बारा महिन्यांच्या मुदतीकडे काणाडोळा होई; लान्चा त्यात एकटी नव्हती. पण या त्रुटीने माझा मुद्दा कमकुवत होत नाही, उलट बळकट होतो. ज्या कंपनीला गाडी विकायची असते ती मागणी असेल तर पाचशेच्या पुढे जाते आणि मागणी नसेल तर पन्नासवर थांबते. पाचशेच्या इतक्या जवळ येऊन थांबणारी कंपनी फक्त नियमाशी बोलत असते. नियमाने पुढे, १९७६ पासून, हा आकडा चारशेवर आणला.

मैदानात काय झाले ते सर्वांना माहीत आहे, तरी नेमकेपणाने सांगायला हवे. १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षे उत्पादकांचे जागतिक विजेतेपद लान्चाकडे राहिले. मुनारीने १९७५, १९७६ आणि १९७७ अशी तीनदा ओळीने माँटे कार्लो जिंकली. १९७६ च्या सानरेमोत लान्चाचे दोघे चालक, मुनारी आणि स्वीडनचा ब्यॉर्न वाल्डेगॉर्ड, इतके जवळ आले की फियोरियोने वाल्डेगॉर्डला शेवटच्या टप्प्याच्या सुरुवातीला चार सेकंद थांबवून आघाडी सोडायला लावली. वाल्डेगॉर्डने तो टप्पा एवढा वेगात काढला की रॅली तो चार सेकंदांनीच जिंकला. पण पराभवही लक्षात ठेवायला हवेत. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली स्ट्रॅटोसला कधीच जिंकता आली नाही. १९७५ मध्ये ती दुसरी आणि तिसरी आली. ब्रिटनच्या जंगलांतली आरएसी रॅली १९७२ ते १९७९ अशी सलग आठ वर्षे साध्या, पुढे इंजिन असलेल्या फोर्ड एस्कॉर्टने जिंकली. म्हणजे स्ट्रॅटोस सर्वशक्तिमान नव्हती. घाटवळणांसाठी तिची आखणी इतकी नेमकी होती की जिथे रस्ता वेगळा होता तिथे तिचे बळ तेवढे चालत नसे. एकाच प्रश्नाचे उत्तर म्हणून बनलेल्या गोष्टीची ताकद आणि मर्यादा अशी एकाच ठिकाणी असते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. नियम सर्वांना सारखाच होता. मग स्ट्रॅटोस फक्त लान्चानेच का बनवली? श्रेय नियमाचे की माणसांचे? फोर्डने याच सुमारास जीटी७० नावाची मिड-इंजिन रॅली गाडी करून पाहिली होती. काही नमुने बनले आणि प्रकल्प सोडून दिला. एस्कॉर्ट जिंकत होती, विकलीही जात होती. पाचशे वेगळ्या गाड्यांचा खर्च करायचे फोर्डला कारण नव्हते. लान्चाकडे मात्र अनेक गोष्टी एकाच वेळी, एकाच शहराच्या आसपास जमल्या होत्या. जुनी गाडी थकलेली, नवा मालक पैसेवाला, त्याच मालकाचा फेरारीत १९६९ पासून निम्मा हिस्सा, आणि आजवर लान्चाचे काम पिनिनफारिना या प्रतिस्पर्धी बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडे जात आल्याने ते मिळवायला आसुसलेला बेर्तोने. बॉड्या तुरिनजवळ ग्रुल्यास्कोला बनत आणि गाडी थोड्याच अंतरावर किव्हास्सोला जुळत असे. फियोरियोची धडाडी आणि गांदिनीची नजर यांशिवाय ही गाडी झाली नसती, हे मान्यच आहे. पण माणसे होती म्हणून गाडी झाली असे म्हटले तर तीच माणसे दुसऱ्या नियमाखाली काय करतात हेही पाहायला हवे. सुदैवाने इतिहासाने तो प्रयोग करून ठेवला आहे.

आधी नियमाविना काय होते ते पाहू. त्याच गांदिनीने, त्याच बेर्तोनेसाठी, १९६६ मध्ये लाम्बोर्गिनी मिउरा रेखाटली होती. तिच्या चॅसिसमागे तेच दाल्लारा होते. बारा सिलिंडरचे इंजिन आडवे आणि मध्यभागी. मांडणी स्ट्रॅटोसशी मिळतीजुळती. पण फेरुच्चो लाम्बोर्गिनी यांना शर्यतीत रस नव्हता, त्यामुळे मिउराला कुठल्याच नियमाला उत्तर द्यायचे नव्हते. ती लांब, खाली झेपावलेली, विलक्षण सुंदर गाडी श्रीमंतांसाठी बनली आणि साडेसातशेच्या आसपास विकलीही गेली. मिउरा इच्छेतून आली, स्ट्रॅटोस अटीतून. आणि नियमाने नकार दिला की काय होते त्याचा दाखला फेरारी २५० एलएम. ही मिड-इंजिन गाडी जीटी वर्गात मान्य व्हावी असा फेरारीचा आग्रह होता. शंभर गाड्या हव्या होत्या, बनल्या फक्त ३२, महासंघाने मान्यता नाकारली. गाडी नाइलाजाने प्रायोगिक वर्गात धावली. १९६५ ची ल मांची शर्यत तिनेच जिंकली, तरी जो वर्ग तिला हवा होता तो मिळाला नाही. म्हणजे आकडा काही कागदी औपचारिकता नव्हती. कोणती गाडी कुठे उतरणार, किती बनणार आणि तिचे रूप काय होणार, हे तो ठरवत होता.

आता तो प्रयोग. लान्चा तीच, शर्यत तीच, जिंकण्याची भूक तीच. आकडा मात्र बदलत गेला. १९८२ मध्ये 'ग्रुप बी' आला आणि अट दोनशे गाड्यांवर आली. लान्चाने ०३७ ही मिड-इंजिन गाडी काढली, १९८३ चे उत्पादकांचे विजेतेपद जिंकले, आणि पाठोपाठ डेल्टा एस४ हे त्याहून भयंकर यंत्र आणले. अट जितकी सैल तितकी गाडी रस्त्यापासून दूर. १९८६ च्या कोर्सिका रॅलीत डेल्टा एस४ दरीत कोसळून पेटली, चालक हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहकारी सर्जो क्रेस्तो दोघेही मृत्युमुखी पडले, आणि वर्षाअखेर ग्रुप बी बंद झाला. १९८७ पासून मुख्य गट 'ग्रुप ए' झाला. अट पाच हजार गाड्यांची. पाच हजार गाड्या नियमाला दाखवण्यापुरत्या बनवून कोठारात ठेवता येत नाहीत, त्या विकाव्याच लागतात. त्याच लान्चाने मग पाच दरवाज्यांची, पुढे इंजिन आणि चारही चाकांना जोर असलेली डेल्टा घेतली; मागे बसायला मुलांना जागा, डिकीत सामान. तिने आणि तिच्या इंटेग्राले या रूपांनी १९८७ ते १९९२ अशी सलग सहा विजेतेपदे जिंकली आणि चाळीस हजारांहून अधिक गाड्या गिऱ्हाइकांच्या घरी गेल्या. पाचशेने स्ट्रॅटोस दिली, दोनशेने एस४, पाच हजारांनी इंटेग्राले. कंपनीची प्रतिभा तिन्ही वेळी सारखीच होती. जे बदलले ते आकडे, आणि आकड्याबरोबर गाडी बदलली.

या चौकटीतून पाहिले की स्ट्रॅटोसची बाजारातली फजिती कोडे राहत नाही. गाड्यांचे मुख्य उत्पादन १९७५ पर्यंत आटोपले, पण त्यातल्या कित्येक पुढची काही वर्षे विक्रेत्यांकडे उभ्या होत्या. उकाडा, आवाज, अडचणीची बैठक, बेभरवशाचे वळण, आणि त्यात पेट्रोलचे भाव. मग फियाटने हिशोब मांडला. जिंकणारी गाडी दुकानात खपत नसेल तर त्या विजयाचा मालकाला काय फायदा? १९७७ पासून समूहाची अधिकृत गाडी म्हणून साध्या कौटुंबिक फियाट १३१ ची अबार्थ आवृत्ती पुढे आणली गेली, आणि तिने १९७७, १९७८ आणि १९८० ची विजेतेपदे मिळवली. स्ट्रॅटोस हरली म्हणून बाजूला गेली असे नाही. कारखान्याचा पाठिंबा कमी झाल्यावरही फ्रेंच चालक बर्नार दार्निश याने खासगी संघाच्या स्ट्रॅटोसमधून १९७९ ची माँटे कार्लो वाल्डेगॉर्डच्या एस्कॉर्टवर सहा सेकंदांनी मात करून जिंकली. त्या रात्री वाल्डेगॉर्डच्या वाटेत कोणीतरी दगड टाकून ठेवले होते, ही गोष्टही इतिहासात आहे आणि ती सोडून विजयाचे वर्णन करू नये. १९८१ ची कोर्सिका रॅलीही दार्निशनेच स्ट्रॅटोसमधून जिंकली, म्हणजे मान्यता मिळाल्यानंतर सात वर्षांनी. गाडीला वेग कमी पडला नाही. तिला गिऱ्हाईक नव्हते, आणि ज्या आकड्याने तिला जन्म दिला त्याने गिऱ्हाइकाची हमी दिली नव्हती.

जी गाडी लोकांनी विकत घेतली नाही तिला यशस्वी का म्हणायचे, असा शेवटचा प्रश्न उरतो. उत्तर निकषावर अवलंबून आहे. दुकानाच्या निकषाने स्ट्रॅटोस नापास आहे आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. पण तिच्यापुढे दुकानाचा प्रश्न कधी ठेवलाच नव्हता. जो ठेवला होता त्याचे उत्तर तिने इतके अचूक दिले की पुढची काही वर्षे रॅलीतल्या अनेक मोठ्या कंपन्या तोच उलटा क्रम गिरवत राहिल्या, त्याच्या भल्याबुऱ्या परिणामांसकट. आज चांगल्या स्थितीतली स्ट्रॅटोस लिलावात लाखो युरोंना जाते, तिच्या प्रतिकृती बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांचा धंदा चालतो, आणि २०१० मध्ये मिखाएल श्टोशेक या जर्मन उद्योगपतीने फेरारी ४३० च्या पायावर नवी स्ट्रॅटोसही बनवून घेतली. ती वेगवान आणि देखणी आहे. पण तिच्यापुढे ना नियम होता ना शर्यत. तिच्या घट्ट, आखूड आकाराला आता कारण उरलेले नाही, फक्त आठवण उरली आहे.

म्हणून दुर्मीळ गाड्यांच्या चाहत्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की प्रतींचा आकडा पाहताना तो कोणी ठरवला हेही विचारावे. स्ट्रॅटोसच्या बाबतीत तो आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाच्या नियमपुस्तकाने ठरवला. या गाडीच्या निर्मात्यांची यादी करताना गांदिनी, फियोरियो, दाल्लारा, पार्क्स आणि फेरारीच्या इंजिनकारांबरोबर त्या नियमाचेही नाव घ्यायला हवे, आणि माझ्या मते ते सर्वांत वर घ्यायला हवे.